निकेल सल्फेटचा गर्भावरचा परिणाम: सुरुवात कुठून करावी

बडोद्यात नवीन लागला आहात आणि पहिलंच काम हे, तर घाबरू नका. ओईसीडी ४१४, म्हणजे गर्भावरची विषबाधा तपासण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी-मार्गदर्शिका, एकदा शांतपणे वाचा; ४२१, ४४३ या प्रजननावरच्या मार्गदर्शिका नंतर बघू.

सगळ्यात आधी नंदेसरीहून (बडोद्याजवळची औद्योगिक वसाहत) आलेल्या बाटलीचं लेबल नीट बघा. सहा पाण्याच्या रेणूंचं निकेल सल्फेट असेल तर त्यात निकेल जेमतेम २२.३ टक्के, निर्जल असेल तर ३७.९. म्हणजे किलोमागे १० मिग्रॅ निकेल द्यायचं तर पहिलं ४४.८ मिग्रॅ लागतं, दुसरं २६.४. अहवालात मात्रा मिठाची (म्हणजे निकेल सल्फेटची) की नुसत्या निकेल धातूची, हे लिहिलं नाही तर पुढचे आकडे कुणाच्याच कामाचे नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पिल्लं मोजून आकडेशास्त्र लावतात. एकक पिल्लू नव्हे, वेत (एका मादीची एका खेपेची सगळी पिल्लं). २० माद्या म्हणजे २० वेतं, मग पिल्लं अडीचशे का असेनात.
- पिण्याच्या पाण्यातून निकेल देतात. चव बिघडते, मादी पाणी कमी पिते, वजन घटतं आणि पिल्लं त्यानेही लहान राहतात. नळीने पोटात द्या. तरी खाणं आणि वजन नोंदवाच.
- गर्भाशय रिकामं दिसलं की ‘गाभण नाही’ लिहून मोकळे! आधी अमोनियम सल्फाइडमध्ये बुडवा. लवकर विरघळलेल्या गर्भांच्या जागा काळ्या उमटतात. वास भयंकर, फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा.

प्राणी नीतिसमितीची मंजुरी हातात येईपर्यंत उंदीर मागवू नका.