चावडी : गडग्यापलीकडची जमीन कुणाची?

(जमिनीच्या कागदपत्रांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं : एक निवृत्त मंडळ अधिकारी)

प्रश्न : ताई, दापोली तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. पश्चिमेच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) अंदाजे एकरभर जागा कित्येक वर्षं पडून आहे. करवंदीच्या जाळ्या आणि कमरेएवढं गवत. शिमग्याच्या सुमारास तिथे वणवा लागतो आणि आमची कलमं होरपळतात. गावात कुणी म्हणतं जागा अमक्या भावकीची, कुणी म्हणतं खोताची, कुणी म्हणतं सरकारची. मालक सापडला तर साफसफाईचं बोलायचं आहे, देत असेल तर विकतही घेऊ. पण नावच माहीत नसेल तर उतारा काढायचा कसा? आणि दुसऱ्याच्या जमिनीचा उतारा आम्हाला देतील का?

उत्तर : देतील. जमिनीचे अभिलेख आणि नकाशे लोकांना पाहण्यासाठी खुले असतात, फी भरली की नक्कल मिळते. ‘तुमचा काय संबंध?’ असं कुणी विचारलं तर शेजारी आहे एवढं सांगा आणि लेखी अर्ज द्या. तोंडी मागणीला तोंडी नकार मिळतो, हे मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

नावामागे आत्ता धावू नका, आधी नंबर शोधा. तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे आणि हिस्सा नंबर घ्या, महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गाव निवडा आणि नकाशात तुमचा तुकडा गाठा. त्याला पश्चिमेने लागलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं की त्याचा नंबर दिसतो. कोकणात एक अडचण हमखास येते : नकाशावर सर्व्हे नंबराची हद्द असते, आतले हिस्से काढलेले नसतात. एका नंबरात पंधरा-वीस हिस्से असले तर गडग्यापलीकडचा कोणता, ते त्यावरून कळत नाही. अशा वेळी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात फाळणी नकाशा आणि हिस्सा फॉर्म नंबर 4 यांच्या नकला मागा, नंबरातले हिस्से कसे पडले ते त्यांत असतं.

नकला येईपर्यंत घरातली ट्रंक उघडा. तुमच्या आजोबांनी बाग विकत घेतली असेल तर खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक यांची जमीन. तो ‘तमुक’ आज हयात नसेल, पण भावकी कोणती ते तिथेच कळतं. गावगप्पांपेक्षा मी या एका ओळीवर जास्त भरवसा ठेवेन.

नंबर मिळाला की महाभूलेख या सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर कोकण विभाग, रत्नागिरी, दापोली आणि गाव निवडून सातबारा पाहा. नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. कचेरीत लावायचा असेल तर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो.

आता तो नीट वाचा, कारण बहुतेक लोक वरचं नाव पाहून मिटून टाकतात. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. त्याच्यामागे सगळे भाऊ आणि त्यांचे वारस उभे आहेत, एकट्याशी व्यवहार ठरवू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाच्या वतीने लागलेला पालक. नोंद चाळीस वर्षांपूर्वीची असेल तर तेव्हाचं ते अज्ञान मूल आज मुंबईत रिटायर व्हायला आलेलं असेल. कंसातली नावं कमी झालेली असतात.

‘इतर अधिकार’ हा रकाना तर दोनदा वाचा. तिथे कुळाचं नाव असू शकतं, सोसायटीच्या कर्जाचा बोजा असू शकतो. आणि तुमच्या वर्णनावरून मला खरी शंका येते ती ‘खाजगी वन’ या शेऱ्याची. 1975च्या कायद्याने कोकणातली बरीच झाडोऱ्याची जमीन शासनाकडे गेली. तो शेरा असेल तर कब्जेदार सदरी (मालकाच्या रकान्यात) कुणाचंही नाव असो, वनखात्याकडे चौकशी केल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नका. धारणा प्रकार भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन) असेल तर विक्रीला बहुधा परवानगी लागते. राहता राहिला खोत. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याची वतनदारी, 1949च्या कायद्याने संपली. खोतांच्या वंशजांची स्वतःची जमीन असू शकते, पण मग त्यांचं नाव उताऱ्यावर दिसलं पाहिजे.

उताऱ्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे नंबर असतात. ते टिपून गाव नमुना 6 च्या (फेरफार नोंदवहीच्या) नकला मागा. जमीन कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली आणि कशी आली, वारसांत कोण कोण होतं, हे त्यात असतं. तलाठी कार्यालयाचा पत्ता विचारताना तलाठीच म्हणा. अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं पदनाम झालंय, पण गावाला ते अजून पाठ नाही.

बहुधा शेवटचं नाव मृत माणसाचं निघेल. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. कोकणात ती तीस तीस वर्षं राहून जाते. जिवंत वारस हुडकायचे तर गणपतीसारखी संधी नाही. एरवी कुलूप लावलेल्या घरात त्या चार दिवसांत सगळी भावकी भेटते. पोलीस पाटलांना सोबत घ्या, आणि पहिल्या भेटीत खरेदीचा विषय काढू नका. वणव्याचं बोला. पावसाळा संपला की गडग्यालगतची पट्टी आम्ही आमच्या खर्चाने साफ करू, त्यावर हक्क सांगणार नाही, असं लिहून द्या. याला नाही म्हणणारा चाकरमानी मला अजून भेटायचाय.

दुसरी वाट मोजणीची. स्वतःच्या बागेची मोजणी मागवलीत तर लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते. त्यांची नावं-पत्ते अर्जात भरावे लागतात आणि नोटीस मिळाली की आजवर न दिसलेले हिस्सेदार आपणहून बांधावर येतात. हद्दही कायम होते. तुमचा गडगा खरोखर हद्दीवर आहे का, हेही त्यात कळेल, याची मनाची तयारी ठेवा.

खरेदीपर्यंत गोष्ट गेली तर सातबाऱ्यावर थांबू नका. त्यावरची नोंद खरी मानून चालतात, पण तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध घ्या आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. मालक सापडत नाही तोवर गडगा पुढे सरकवण्याचा सल्ला गावात कुणीतरी देईलच. तो ऐकू नका.

प्रश्न : वाई तालुक्यात आमच्या घराला लागून पडकं घर आहे. गावठाणात असल्याने सातबारा निघत नाही. मालक कसा कळेल?

उत्तर : गावठाणातल्या घरजागेला शेतीसारखा सातबारा नसतो. तिथे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालं असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे घरजागेचा हक्काचा उतारा असतो, तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. 2020पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. तुमच्या गावाचं काम पूर्ण झालंय का, ते ग्रामपंचायतीत विचारा. झालं नसेल तर नमुना 8, म्हणजे कर आकारणीचा उतारा घ्या. त्यावरून घरपट्टी कुणाच्या नावे आहे ते कळतं, मालकी सिद्ध होत नाही. शेवटची पावती कुणी फाडली, तेही विचारा. पट्टी भरणाऱ्याचा मोबाइल नंबर ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे बहुधा असतोच. भिंत तुमच्या बाजूला कलली असेल तर मालकाची वाट पाहू नका. फोटो जोडून ग्रामपंचायतीला आजच अर्ज द्या आणि पोच घ्या.