उंदराला होत नाही, मग तपासलं कुणावर?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस उंदरांवर तपासलीय, पण तो विषाणू उंदराला होतच नाही. म्हणजे फसवणूकच झाली ना? आमचे मालक म्हणतात, थांब जरा. आणखी एक, आमच्या कालवडीच्या मानेवर चामखिळी आल्यात आणि तिला वैरण मुलगीच घालते. तिला लागतील का?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धं खरं लिहिलंय, म्हणून तर तो पटतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो माणसाचा पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, उंदराच्या अंगात वाढत नाही. तुम्ही द्राक्षाच्या मुलखातल्या, तुम्हाला हे चटकन कळेल. भुरी द्राक्षावर येते तशी आंब्याच्या मोहरावरही येते, पण दोन्हीकडची बुरशी वेगळी. बागेतली भुरी बांधावरच्या आंब्यावर चढत नाही. या विषाणूंचंही तसंच, ज्याचा त्याचा वेगळा.

मग उंदीर कशाला? साताऱ्यात कॉलेजात शिकवायला लागण्याआधी मी दोन वर्षं मुंबईत एका प्राणीघरात काढली. भाताच्या तुसाचा तो वास अजून नाकात आहे. तिथले काही उंदीर बिनकेसांचे, आम्ही त्यांना टकलू म्हणायचो. त्यांना जन्मतःच थायमस ग्रंथी धड नसते, म्हणून रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तयार होत नाहीत आणि साधासा संसर्गही त्यांना भारी पडतो. एकदा मी त्यांच्या खोलीत शिंकले, तर आमच्या बाईंनी मला दिवसभर बाहेर बसवलं.

या टकलूंची गोष्ट पुढे आपल्याच राज्यात घडली. खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या बिनकेसांच्या उंदरांच्या नाकातोंडाभोवती चामखिळी उगवल्या. बारकाईनं पाहिलं तर निघाला पॅपिलोमा विषाणू, खुद्द उंदराचा! प्रयोगशाळेतल्या उंदराचा असा विषाणू तोवर कुणाच्या हाती लागला नव्हता. २०११ साली ते प्रसिद्ध झालं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा तो वापरतात. कारण आता संसर्ग होण्यापासून गाठ होईपर्यंतचा सगळा प्रवास एकाच प्राण्यात बघता येतो. धडधाकट उंदीर बहुतेक वेळा हा विषाणू परतवून लावतो, टी-पेशी नसलेल्याला ते जमत नाही. शरीर कशाच्या जोरावर लढतं, ते यातून दिसलं.

त्याआधी शास्त्रज्ञांनी आडवाट काढली होती. अख्खा विषाणू शिरत नाही ना, मग त्याची जनुकंच उंदरात घालू. त्यातली ई६ आणि ई७ ही दोन खरी उपद्रवी. पेशी बेफाम वाढू नये म्हणून पी५३ आणि आरबी नावाची दोन प्रथिनं राखण करतात. ई६ पहिल्याला संपवतं, ई७ दुसऱ्याला निकामी करतं. १९९६ मध्ये अमेरिकेत असं दिसलं की अशा उंदरिणींना महिनोन्‌महिने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलं, की गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो. मला यातलं इस्ट्रोजेन महत्त्वाचं वाटतं. जनुकं होती, पण त्यांना साथ लागली.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते. विषाणूचं कवच खरं ठेवायचं आणि आत चमकणारं जनुक भरायचं, म्हणजे तो कुठे शिरला ते दिसतं. असा सोंगाड्या विषाणू उंदरात शिरू शकतो, वाढू मात्र शकत नाही. २००७ च्या प्रयोगात दिसलं की योनिमार्गाचं अस्तर शाबूत असेल तर तो आत जात नाही, खरचटलं असेल तर जातो. आइस्क्रीममध्ये घालतात ते समुद्रशैवालाचं कॅराजीनन लावलं, तर तिथंही अडतो. लसीमुळे तयार होणारी, विषाणूला अडवणारी प्रथिनं म्हणजे प्रतिपिंडं उंदरांना आधी टोचून ठेवली, तेव्हाही अडला.

पण ताई, लसीला परवानगी उंदरांच्या भरवशावर मिळालेली नाही. २००६ साली पहिली लस बाजारात आली ती हजारो मुली-बायकांवरच्या चाचण्यांनंतर. लसीत नुसतं रिकामं कवच असतं, आत विषाणूचं जनुकद्रव्य नसतं, त्यामुळे तिच्यातून संसर्ग होत नाही. पुण्याच्या सीरमच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. तुमची मुलगी तेराची आहे, तेव्हा मालकांना म्हणावं, थांबायचं कारण काय ते तरी सांगा. त्यांनाच घेऊन डॉक्टरांकडे जा.

स्वतःबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. तुम्ही तिशी ओलांडली असणार. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची एचपीव्ही तपासणी फक्त एकदा झाली, त्यांच्यात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुलीला घेऊन जाल तेव्हा तुमचीही तपासणी विचारून या.

आता कालवड. अशा चामखिळी गाईच्या पॅपिलोमा विषाणूमुळे येतात. तो घोड्यालाही त्रास देतो, हा ‘ज्याचा त्याचा’ या नियमाला एक अपवाद. माणसाला मात्र तो लागत नाही, मुलीला खुशाल वैरण घालू द्या. दुसऱ्या कालवडींना लागू शकतो, म्हणून हिची दावण आणि दोर वेगळे ठेवा. बहुतेकदा काही महिन्यांत चामखिळी आपणहून गळतात. चामखीळ पाडायला तिला घोड्याच्या शेपटीचा केस तेवढा बांधू नका, जखम चिघळते.