वाचकांचे प्रश्न: जुन्या टेम्पोचा कॅम्पर करायचाय, पण आधी काय?

या महिन्यात गाड्यांच्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली, जुना ट्रक किंवा टेम्पो घेऊन त्यात राहण्याजोगी गाडी बनवायची. बहुतेकांनी बेडची डिझाईन पाठवलीत, काहींनी तर उशीच्या कव्हरचा रंगसुद्धा ठरवलाय. आरसी बुकचा फोटो मात्र एकानेच पाठवला, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच.

प्रश्न: 2014 ची टाटा 407 घेतली, आधी मार्केट यार्डात भाजीपाल्याला चालायची. हौदा आतून 10 फूट बाय 6 फूट आहे. मी, बायको आणि दोन मुलं असे चौघं फिरणार. मिस्त्री ठरलाय, प्लाय आणलाय, कागदपत्रांचं नंतर बघू असा विचार आहे. चालेल ना? (कराड)

नाही चालणार. प्लाय दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका, नसेल तर माळ्यावर ठेवा.

तुमच्या आरसीवर ही गाडी मालवाहू म्हणून नोंद आहे आणि बसायची क्षमता ड्रायव्हर धरून तीन. चौथा माणूस कुठे बसणार? मागे मुलं बसतील असं तुमच्या मनात असणार, पण मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून हायवेला जाणं म्हणजे चलन तर आहेच, वर उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करून मोकळी. आणि बेडवर सीट बेल्ट नसतो हो, जोरात ब्रेक मारला की पोरं थेट केबिनच्या पत्र्यावर येतील.

कायदा थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवर लिहिलेला तपशील आणि कंपनीने बनवलेली मूळ गाडी यात फरक पडेल असा बदल मालकाने आपल्या मनाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. खिडकी कापली एक बदल, छत उचललं दुसरा, सीट टाकली तिसरा, आता तुम्हीच हिशोब करा.

पण रस्ता बंद नाहीये. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या वाहनांच्या यादीत बिगर-वाहतूक गटात आहे, म्हणजे कागदावर अशी गाडी असू शकते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशाच राहण्याच्या गाड्यांसाठी, एआयएस-124 हे वेगळं मानक पण आहे आणि गाड्या तपासणारी एआरएआय पुण्यात कोथरूडलाच आहे. तेव्हा काम सुरू करायच्या आधी एक साधं ड्रॉइंग काढा, लांबी-रुंदी-उंची, खिडक्या, सीट, सगळं मापासकट, आणि आपल्या आरटीओत मोटार वाहन निरीक्षकांना जाऊन भेटा. एजंटला पाठवू नका, स्वतः जा. कुठला बदल चालेल, कुठला नाही आणि कोणत्या बॉडी बिल्डरचं सर्टिफिकेट लागेल हे विचारा आणि अर्ज करून उत्तर लेखी घ्या. तोंडी "करा हो, बघू" याला काही किंमत नाही, तो साहेब बदलून गेला की तुमची गाडी बसली पासिंगला.

आणि हो, जोवर मालवाहू नोंद आहे तोवर आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, त्यामुळे तुमची गाडी वर्षातून एकदा तपासणीला उभी राहणारच, लपवून काही होत नाही. आधीच्या मालकाचं कर्ज होतं का तेही बघा, फायनान्सची नोंद उतरल्याशिवाय पुढचा एकही कागद हलत नाही.

आता तुमच्या चौघांचं. मला विचाराल तर 407 चा हट्ट सोडा आणि प्रवासी पासिंगची जुनी फोर्स ट्रॅव्हलर किंवा विंगर बघा. बसायच्या सीट कागदावर आधीच आहेत, खिडक्या आहेत, छत उंच आहे, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. नवरा-बायको दोघंच फिरणार असता तर 407 ला मी नाही म्हणालो नसतो, इंजिन दणकट आहे आणि गॅरेज कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतं.

प्रश्न: वजनाचा एवढा बाऊ का करतात? ट्रक आहे ना, अडीच टन माल ओढायचा, चार फळ्यांनी काय होतंय? (बार्शी)

चार फळ्या नसतात हो. 18 एमएमचा 8 बाय 4 चा एक प्लाय 30 ते 35 किलो भरतो. बेड, ओटा, कपाट, पार्टिशन करता करता 15 शीट कधी लागतात कळत नाही, झाले 500 किलो. वर 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, बॅटरी, सिलेंडर, छतावर पॅनल, आणि मग आई म्हणते दळणाचा डबा पण घ्या.

एकूण वजन ट्रकला झेपतं हे खरंय, प्रश्न ते कुठे बसतं याचा आहे. भाजीची पोती हौद्यात तळाला आणि सगळीकडे सारखी असतात. तुम्ही ओटा, टाकी, फ्रीज सगळं उजव्या बाजूला लावलं आणि छतावर सामान टाकलं की घाटातल्या वळणावर गाडी एका अंगाला कलते. म्हणून टाकी आणि बॅटरी खाली, मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, डावं-उजवं तोलून ठेवायची. काम सुरू करायच्या आधी एकदा वजनकाट्यावर न्या, अर्धं झाल्यावर परत न्या, पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी काट्यावर घ्या आणि पावत्या जपून ठेवा.

उलटा त्रास पण होतो. काम हलकं झालं तर गाडी उड्या मारते, कारण कमानपाटे लोडसाठी बनवलेले असतात. मग कुणीतरी गॅरेजवाला सांगतो एक पाटा काढून टाका, मऊ होईल. नका काढू. टायरची हवा गाडीच्या खऱ्या वजनाप्रमाणे ठेवा, शॉकअप बदला, बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं. फर्निचर स्क्रूने नाही, नट-बोल्टने बसवा आणि नट नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले) वापरा, साधा स्क्रू आपल्या रस्त्यांवर दोन महिन्यांत ढिला होऊन कुरकुर करायला लागतो.

प्रश्न: पत्र्याची बंद बॉडी आहे, एप्रिल-मे मध्ये आत उभं राहवत नाही. थर्माकोल लावलं तर? (नांदेड)

थर्माकोल नको. पेटलं की वितळून थेंब थेंब खाली पडतं आणि धूर भयंकर असतो, आणि तुम्ही त्याच्याखाली झोपणार आहात. एक्सएलपीई (प्लॅस्टिकच्या एका प्रकारचा) फोम चांगला, पत्र्याला चिकटतो, ओल धरत नाही. पैसे कमी असतील तर सगळे पैसे छतावर घाला, बाजूंना नंतर बघा, कारण ऊन मुख्यतः छताला लागतं. छताला बाहेरून पांढरा रंग द्या, गंमत वाटेल पण त्याने खूप फरक पडतो. सोलर पॅनल छतापासून तीन-चार इंच वर बसवा, खालून वारा खेळतो आणि सावली फुकट मिळते.

एक माप मात्र विसरू नका. हौदा आतून 6 फूट असेल आणि दोन्हीकडे दोन-दोन इंच फोम-प्लाय गेला तर उरले 5 फूट 8 इंच. आडवा बेड करणार असाल तर आधी घरातल्या सगळ्यात उंच माणसाला फरशीवर झोपवून टेप लावा. एकाने बेड तयार झाल्यावर मला फोन केला होता, रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन झोपतो म्हणून.

प्रश्न: मासळी वाहणारी पफ बॉडीची (भिंतीत फोम भरलेली) गाडी स्वस्तात मिळतेय. इन्सुलेशन आयतं, घेऊ का? (रत्नागिरी)

कल्पना वाईट नाही, दुधाची किंवा आईस्क्रीमची असती तर लगेच घ्या म्हटलं असतं. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं खाली गळलेलं असतं, त्यामुळे गाडीखाली झोपून चासीला हातोडीने ठोकत जा, टण्ण आवाज आला तर ठीक, भद्द आला आणि पापुद्रे पडले तर नमस्कार करून घरी या. पफच्या पॅनलला कुठे भोक पडून पाणी आत गेलं असेल तर ते वाळत नाही, नुसतं जड होतं. आणि वास! तो जातो असं विकणारा सांगेल, दुपारी दार बंद करून अर्धा तास आत बसून बघा, बायकोलाही बसवा.

प्रश्न: मागे झोपताना एसी हवाच. किती बॅटऱ्या लागतील? इंडक्शन पण चालवायची आहे. (ठाणे)

हिशोब सरळ आहे. 12.8 व्होल्ट 100 एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट. दोन लावल्या तर अडीच युनिट. एक टनाचा एसी उन्हाळ्यात तासाला पाऊण ते एक युनिट खातो, म्हणजे तीन तासांत खेळ संपला आणि रात्र अजून पडलीय. छतावर 400 वॉटचं पॅनल लावलं तर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट मिळतील, पावसाळ्यात त्याच्या कितीतरी कमी. तेव्हा एसी हवा असेल तर जिथे प्लग मिळेल तिथेच मुक्काम करा. नाहीतर दोन चांगले डीसी पंखे, एक छतात हवा बाहेर फेकणारा आणि एक बेडजवळ, आणि एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाडा सोडून महाबळेश्वरकडे चला.

2000 वॉटची इंडक्शन 12 व्होल्टवर म्हणजे 160-170 अँपिअर, त्याला अंगठ्याएवढी केबल आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज लागतो. घराचं वायरिंग करणारा नेहमीचा वायरमन हे काम करू शकेलच असं नाही.

एसीसाठी जनरेटर घेईन असंही तुम्ही लिहिलंय. कृपा करून हे वाचा. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. एसीसाठी लावलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साईड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. जनरेटर गाडीच्या आत किंवा खाली लावून झोपायचं नाही म्हणजे नाही. गॅस शेगडी असली तरी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावाच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवा आणि तो कप्पा आतून पूर्ण बंद करा. मी तर सांगेन स्वयंपाक मागचा फाळका पाडून बाहेरच करा, फोडणीचा वास गादीत मुरला की धुऊनही जात नाही.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी, वय साठच्या आसपास. टॉयलेटशिवाय प्रवास नको वाटतो. पण त्यात जागा फार जाते म्हणतात. (नाशिक)

तुमचं अगदी बरोबर आहे, या विषयावर पुरुषमंडळी "पेट्रोल पंप असतातच की" म्हणून मोकळी होतात. वेगळी खोली लागत नाही ताई. पोर्टेबल, उचलून हलवता येणारं टॉयलेट मिळतं, खालची टाकी ओढून काढता येते आणि कुठल्याही संडासात रिकामी करता येते. बेडखाली सरकवून ठेवा आणि वापरताना छताच्या रेलला पडदा. टाकी शेतात, नाल्यात ओतू नका. लायसन्सचं पण विचारलंय तुम्ही. एकूण वजन 7500 किलोच्या आत असेल तर तुमचं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं, नोव्हेंबर 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मालवाहू नोंदीच्या गाडीलाही तेच लागू आहे. 407 त्यात बसते. स्टेअरिंग मात्र पॉवरचंच घ्या.

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, कुरिअरची जुनी व्हॅन घेतलीय. तुमचे सल्ले इथे लागू होतात का? (लेस्टर)

वजन आणि गॅसचे होतात, कागदाचे नाहीत. तिकडे डीव्हीएलएकडे (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) मोटर कॅरॅव्हॅन अशी नोंद बदलून मागता येते, पण ते गाडी बाहेरून कशी दिसते ते बघतात, एका बाजूला किमान दोन खिडक्या, वेगळं दार, ऑनिंगचा (बाहेर ओढायच्या कापडी छपराचा) बार असं. आत पंचतारांकित करून बाहेरून कुरिअरची व्हॅनच दिसली तर नोंद बदलत नाहीत. लायसन्सही बघा, 1 जानेवारी 1997 नंतर कारची परीक्षा पास झाला असाल तर साधारण साडेतीन टनाचीच मर्यादा आहे, आणि तुमची व्हॅन भरल्यावर त्याच्या जवळ जाणार. तिकडेही वजनकाटा असतोच.

प्रश्न: आमच्या दिंडीचा ट्रक दरवर्षी आळंदी ते पंढरपूर जातो. भांडी, तंबू, सामान सगळं त्यातच. फक्त महिनाभरासाठी काही सोय करता येईल का? (खेड तालुका)

तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. बाकीचे लोक आता जे शोधतायत ते दिंडीचे ट्रक कितीतरी वर्षं करतायत, खाली किराणा, वर पथाऱ्या, कडेला बांधलेली पातेली. तुम्हाला कापाकापीची गरजच नाही. लोखंडी अँगलचे सुटे रॅक करा, हौद्याच्या हुकांना रॅचेट पट्ट्याने आवळायचे आणि वारी झाली की काढून ठेवायचे, गाडीचं पासिंग आहे तसंच राहतं. माणसं मात्र गाडी उभी असतानाच वर झोपतील, चालत्या गाडीत नाही.

पाण्याचे ड्रम पुण्यातच गच्च भरून घेता असं लिहिलंय, ते थांबवा. 200 लिटरचे पाच ड्रम म्हणजे एक टन पाणी दिवेघाट चढवताय, आणि अर्धे झाले की आत पाणी हिंदकळून गाडी ओढते. पिण्यापुरता एक ड्रम घ्या, झाकण घट्ट, मधोमध केबिनच्या भिंतीला टेकवून. बाकीचे रिकामे न्या आणि सासवडच्या मुक्कामाला पोचल्यावर भरा.