आमटीतली गोळी

प्रश्न : माझे पती बेचाळीस वर्षांचे असून माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. सहा वर्षांपूर्वी त्यांना बायपोलर आजाराचे निदान झाले. मी रात्री दहाला दिवे बंद करते, संध्याकाळनंतर चहा देत नाही, पहाटे फिरायला नेते, जेवणातले मीठही निम्मे केले आहे. दिवाळीनंतर हात थरथरण्याचे निमित्त करून त्यांनी लिथियम सोडले, तेव्हापासून ती गोळी मी कुटून त्यांच्या आमटीत घालते. तरी हल्ली ते सारखे चिडतात. गोळी सोडूनही हात थरथरतो, म्हणून मेंदूचा एमआरआय काढायचा म्हणतात. रोज त्यांच्या ताटात जेवणारी आमची लेक सोडली, तर घरात कोणाशी धड बोलत नाहीत. ही चिडचिड कशी कमी करू?

उत्तर : ताई, तुम्ही चिडचिडीबद्दल विचारले आहे, पण मी त्या थरथरणाऱ्या हातापाशी थांबले. गोळीने हात थरथरतो म्हणून ज्याने गोळी सोडली आणि तरीही ज्याचा हात थरथरतच राहिला, त्या माणसाने काय समजावे? आपल्या मेंदूतच काहीतरी बिघडत चालले आहे, असे त्यांना वाटले तर नवल नाही. गणिताच्या शिक्षकाचे उत्तर चुकते आहे, कारण उदाहरणातली एक संख्या तुम्ही आमटीत लपवली आहे.

आणि ते निमित्त नव्हते. बोटांची बारीक थरथर हा लिथियमचा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि रोज फळ्यावर लिहिणाऱ्याला तो फार जाचतो. मात्रा कमी करून किंवा जोडीला दुसरे औषध देऊन डॉक्टर त्यावर बहुधा मार्ग काढतात. परंतु ती तक्रार त्यांच्यापर्यंत जायला हवी होती, ती तुम्ही खलबत्त्यातच संपवलीत.

हे औषध अंदाजाने देण्याचे नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावरील, म्हणजे या आजारातल्या अतिउत्तेजित अवस्थेवरील, त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि आजही ते टिकून आहे, ते गुणकारी आहे म्हणून. मात्र त्याची गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते. रक्तातले प्रमाण साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर राखतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते. तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावे लागते; जो गोळी घेतच नाही असे समजतो, तो रक्त कशाला देईल? सावकाश विरघळणारी गोळी कुटली, तर सगळे औषध एकदम अंगात उतरते. मीठ एकाएकी कमी केले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि त्याची पातळी वाढते. निर्जळी उपवास किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी यांनीही हेच होते. झोपेची शिस्त मात्र मोडू नका, कारण जागरणाने उन्मादाला आयते निमित्त मिळते.

लेकीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे. वडिलांच्या ताटातल्या आमटीभाताबरोबर तिच्या पोटात काय जात असेल, हा विचार तुमच्या मनाला कसा शिवला नाही, हे मला कळत नाही. आजपासून तिचे ताट वेगळे वाढा आणि हेही डॉक्टरांना सांगा.

मी एकच गोष्ट करायला सांगेन. हे वाचून होताच डॉक्टरांना फोन करा, घडले ते सगळे सांगा आणि आज रात्रीच्या गोळीचे काय करायचे तेही त्यांनाच विचारा. लिथियम एकाएकी थांबवल्याने आजार उलटू शकतो, म्हणून तो निर्णय तुम्ही घेऊ नका. थरथर वाढली, उलट्या वा जुलाब सुरू झाले, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तडक रुग्णालय गाठा. एरवी याच आठवड्यात पतीला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडाने सांगा, ‘तुमचा हात गोळीनेच थरथरतो आहे, गोळी मी देत होते.’ ते भडकतील, कदाचित महिनाभर तुमच्या हातचे जेवणारही नाहीत. तो राग रास्त आहे; मध्येच रडून तो त्यांना गिळायला लावू नका.

तो ओसरल्यावर पुढचे बोला. आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांना दिला आहे. पुन्हा गोळी सोडावीशी वाटली तर कोणी काय करायचे, ते या वेळी त्यांना लिहू द्या.