स्लाइड फिल्म धुणारी लॅब शोधताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

एक्टाक्रोमचा, म्हणजे कोडॅकच्या स्लाइड फिल्मचा (जिच्यावर थेट खऱ्या रंगांतलं चित्र उमटतं) रोल तू हलशीच्या कदंबकालीन देवळांत आणि खानापूरच्या तांबड्या रस्त्यांवर भरलास, हे वाचून फार आनंद झाला. आता तो धुवायचा कुठे, हा तुझा प्रश्न. एखाद्या लॅबचं नाव सांगून मी मोकळा झालो असतो, पण आज स्लाइड धुणारी लॅब सहा महिन्यांनी धुत असेलच असं नाही. म्हणून लॅब पारखायची कशी, तेच लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. ‘फिल्म धुता का?’ एवढंच विचारून रोल कुणाच्या हाती देऊ नकोस. ‘हो’ म्हणणारे बहुतेक जण सी-४१ धुतात, म्हणजे कलर निगेटिव्हची प्रक्रिया. तुझ्या रोलला ई-६, म्हणजे स्लाइडची प्रक्रिया लागते. सी-४१मध्ये गेला तरी चित्र उमटेल, पण निगेटिव्ह होऊन आणि भलत्याच रंगांत. काही जण हौसेनं तसं करतात, तो त्यांचा प्रश्न. तुझी हलशी मात्र त्यातून परत यायची नाही. डबीवर मार्करनं ठळक ‘ई-६’ लिही आणि पाकिटावर पुन्हा लिही.

ई-६ धुणारे इतके कमी का, हे समजलं की लॅबला काय विचारायचं तेही आपोआप समजेल. ही प्रक्रिया कोडॅकनं १९७६ साली आणली. पहिला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं पहिलं केमिकल, ३८ अंश सेल्सिअसला साधारण सहा मिनिटं असतो, आणि तिथे अर्ध्या अंशाचा फरकही चालत नाही. वेळ कमी पडला तर स्लाइड काळवंडते, जास्त झाला तर फिकी पडते. निगेटिव्हमधली थोडीफार चूक प्रिंट काढताना सावरता येते. स्लाइडमध्ये फिल्म हेच अंतिम चित्र, त्यामुळे सावरायला पुढची पायरीच नाही. शिवाय केमिकलचं विरजणासारखं आहे. रोज वापर असला, वरचेवर ताजं मिसळत राहिलं, तर ते नीट काम देतं. आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की बिघडतं. रोल कमी आले की केमिकल शिळं होतं, शिळ्या केमिकलनं रंग बिघडतात, मग गिऱ्हाईक तुटतं आणि रोल आणखी कमी होतात. कितीतरी लॅबनी ई-६ बंद केलं ते असंच.

म्हणून दर विचारण्याआधी हे विचार: ई-६ तुम्ही स्वतः धुता की पुढे पाठवता? पुढे पाठवणं गैर नाही, पण मग खरी लॅब कुठली ते कळायला हवं. पुढची ई-६ची खेप कधी? ‘दर आठवड्याला’ किंवा ‘इतके रोल जमले की’ असं उत्तर आलं तर विश्वास ठेव. ‘केव्हाही द्या’ असं कुणी म्हणालं तर आणखी खोदून विचार. केमिकल एकदाच वापरून टाकून देता की पुन्हा वापरता? कंट्रोल स्ट्रिप चालवता का? तापमान आणि केमिकल ठीक आहे की नाही हे तपासायची ती पट्टी असते. चांगल्या लॅबवाल्याला हा प्रश्न आवडतो, तो भरभरून बोलू लागतो. रोल अखंड हवा, कापून हवा की माउंट करून (एकेक चित्र छोट्या चौकटीत बसवून), हेही आधीच ठरव.

असा माणूस शोधायचा कुठे? माझ्या मते फिल्म विकणाऱ्याकडे. पुण्या-मुंबईत किंवा बंगळूरला जो एक्टाक्रोम नाही तर फुजीची प्रोविया, वेल्विया विकतो, त्याला आपली गिऱ्हाइकं रोल कुठे धुवायला टाकतात ते पक्कं ठाऊक असतं. तो विकत असलेला रोल धुतलाच गेला नाही, तर पुढचा कोण घेईल?

एकटा एक रोल पाठवू नकोस. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे फिल्मवर काम करणारी आणखी दोघं-तिघं तुला नक्की सापडतील. सगळ्यांचे रोल एकत्र पाठवा. खर्च वाटला जातो आणि लॅबलाही एक खेप भरायला मदत होते. जमेपर्यंत रोल घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव, बाहेर काढल्यावर दोन-तीन तास तसाच बंद राहू दे, नाहीतर पावसाळ्यात पाणी धरतं. मात्र महिनोन्‌महिने थांबू नकोस, न धुतलेलं चित्र हळूहळू फिकं होत जातं. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूरला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्या हाती देणं मला सगळ्यात पसंत. उन्हाळ्यात गोदामात पडलेलं पार्सल फार तापतं. विमानानं जात असेल तर रोल हातातल्या बॅगेत असू दे. चेक-इनच्या सामानावरचे स्कॅनर फिल्म धुरकट करतात.

जुन्या पेटीत सापडलेल्या कोडाक्रोमबद्दल (कोडॅकचीच जुनी स्लाइड फिल्म) मात्र आशा लावू नकोस. त्याचे रंग फिल्ममध्ये नसतात, ते धुताना घातले जातात, आणि ती के-१४ प्रक्रिया आता कुठेच चालत नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो ही शेवटची लॅब. तिनं २०१०च्या डिसेंबरअखेर ते रोल घेणं थांबवलं. तो रोल आता फक्त ब्लॅक अँड व्हाइट धुता येईल, आणि तेही अनुभवी माणसाकडूनच. एक्टाक्रोमही मध्यंतरी बंद पडली होती, पण कोडॅकनं २०१८ साली ती परत आणली.

हलशीचा रोल पहिल्याच खेपेत देऊ नकोस. आधी एक चाचणीचा रोल कर. बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, चांगलं: बाहेर ऊन, आत अंधार, दगड राखाडी. प्रत्येक दृश्य अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या (स्टॉप म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या उजेडाचं माप) फरकानं तीनदा घे आणि आकडे वहीत टिपून ठेव. रोल आला की आधी काळा भाग बघ. काळा खरंच काळा हवा, हिरवट किंवा जांभळट नको. मग दगडाचा राखाडी रंग बघ. एक्सपोजर बरोबर असूनही तीनही चौकटी गडदच दिसल्या, तर लॅबला फोन करून पहिल्या डेव्हलपरबद्दल विचार.

धुतलेली फिल्म आली की टिळकवाडीला ये. स्लाइड बघायचा लाइट बॉक्स आणि लूप, म्हणजे भिंग, माझ्याकडे आहेत. वही विसरू नकोस.

तुझा,
काका