अपघातानंतर कॅज्युअल्टीत नेलं तर न विचारता एचआयव्ही टेस्ट करतात का?

करायला नको, पण सर्रास करतात. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार टेस्टला पेशंटची संमती लागते, आधी आणि नंतर समुपदेशनही लागतं. टेस्ट केल्याशिवाय उपचार नाहीत, असंही हॉस्पिटलला म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्षातलं सांगतो. भावाचा पाय मोडला तेव्हा रात्री दीड वाजता माझ्यापुढे कागदांची चळत आली. 'इथे सही, इथे पण.' त्यातला एक एचआयव्हीचा होता, हे मला बिल बघताना कळलं! भाऊ पूर्ण शुद्धीत होता, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

इंग्लंडमध्ये 2022 पासून लंडन, मँचेस्टर वगैरे ठिकाणी इमर्जन्सीत रक्त काढलंच तर एचआयव्हीही तपासतात. मात्र तसं आधी कळवलेलं असतं आणि पेशंट नको म्हणू शकतो. आपल्याकडे नेमकं हे कळवणंच राहून जातं.

रॅपिड किटवर एकदा दोन रेघा उमटल्या म्हणजे निदान झालं असं नाही. वेगवेगळ्या किटवर तीन टेस्ट करूनच पॉझिटिव्ह ठरवतात. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, हे फुकट होतं, तिथेच जा. आणि कालपरवाच एचआयव्हीची लागण होण्यासारखं काही घडलं असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. 72 तासांच्या आत पीईपीची, म्हणजे लागण टाळण्याची, औषधं सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, पुढे 28 दिवस. नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, हेल्पलाइन 1097.