सहनशील की सहिष्णु?

प्रश्न असा : हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) असलेल्या एका तरुणीला मिळालेल्या माहितीपत्रकात 'इम्यून टॉलरंट' अवस्थेला, म्हणजे विषाणू असूनही शरीर त्याच्यावर चालून जात नाही त्या अवस्थेला, 'प्रतिकार-सहनशील' म्हटले आहे. ते वाचून तिच्या आईला वाटले, पोरीची सहनशक्ती चांगली आहे, निभावेल. हा शब्द बरोबर आहे का? आणि 'सेल्फ-रिॲक्टिव्ह', म्हणजे आपल्याच शरीरावर उठणाऱ्या, टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) 'आत्मघाती' म्हणावे का?

आईचे काही चुकले नाही, शब्दच चुकला. 'सहनशील' म्हटले की आपल्याला सोसणे दिसते : दुखणे, सासुरवास. टॉलरन्समध्ये सोसणे नाहीच. टी-पेशी समोरच्या प्रथिनावर चालून जात नाही, त्याला असू देते. हा असू देण्याचा भाव 'सहिष्णुते'त आहे. म्हणूनच आपण परधर्मसहिष्णुता म्हणतो, परधर्मसहनशीलता नाही. व्युत्पत्तीने मात्र दोघे सख्खे भाऊ. धातू 'सह्', आणि 'इष्णु' हा प्रत्यय स्वभाव सांगतो, जसा शिवरायांच्या राजमुद्रेतल्या 'वर्धिष्णु'मध्ये : वाढत जाणे हाच जिचा स्वभाव. 'शील' म्हणजेही स्वभावच. फरक पाडला तो बोलणाऱ्यांनी, आणि तो जपायला हवा.

हिपॅटायटिस बीमध्ये तो फार नेमका बसतो. जन्मताना आईकडून लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो; प्रौढपणी झाली तर ५ टक्क्यांहून कमी लोकांत. पुढे कित्येक वर्षे रक्तात विषाणू अमाप आणि यकृताच्या चाचण्या मात्र नॉर्मल. कारण हा विषाणू सहसा यकृतपेशींना स्वतः मारत नाही. नासधूस होते ती टी-पेशी त्यांच्यावर तुटून पडतात तेव्हा.

तरी या शांततेला सहिष्णुता म्हणावे का, हाही वाद आहेच. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७च्या मार्गदर्शिकेत 'टॉलरंट' हे नाव सोडले. विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी या रुग्णांतही सापडतात. वर्षानुवर्षे विषाणूशी गाठ पडून त्यांतल्या अनेक निकामी होत जातात. अशा पेशीला मी 'हतबल' म्हणेन. हतबल आणि सहिष्णु यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'आत्मघाती' मुळीच नको. आत्मघात म्हणजे स्वतःचाच जीव घेणे. इथे पेशी स्वतःला मारत नाही, शरीराचीच प्रथिने तिला लक्ष्य वाटतात. शिवाय अशा पेशी निरोगी माणसातही असतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी तयार होताना अशा पेशी निवडून काढल्या जातात; त्यातून काही निसटतात आणि नियामक (इतरांना लगाम घालणाऱ्या) टी-पेशी त्यांना आवरून धरतात (२०२५चे वैद्यकाचे नोबेल याच शोधाला मिळाले). दीर्घकालीन हिपॅटायटिस सी या यकृताच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजारातही, शरीराच्याच मरणाऱ्या पेशींतल्या प्रथिनांच्या तुकड्यांवर उठणाऱ्या टी-पेशी आढळल्या आहेत. अशा सेल्फ-रिॲक्टिव्ह पेशींना मी 'स्वलक्ष्यी' म्हणतो.

माहितीपत्रकात मात्र यातला एकही शब्द नको. तिथे सरळ लिहावे : 'विषाणू भरपूर आहे, शरीर अजून त्याच्याशी जोराने लढत नाही, त्रास नसला तरी तपासण्या चुकवू नका.' हे त्या आईला नक्की कळेल.